इंद्रायणीकाठच्या प्रती

तळेगाव दाभाडेलगतचे वराळे हे मावळातील गाव ज्या इंद्रायणीच्या खोऱ्यात वसले आहे, त्या खोऱ्याला ग्रंथ बुडण्याची आणि तरण्याची मोठी स्मृती आहे. वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून तुकोबांनी आपल्या अभंगांच्या वह्या देहूच्या डोहात सोडल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, असे वारकरी परंपरा मानते. श्रद्धेच्या दृष्टीने हा चमत्कार होय. जतनाच्या इतिहासाला मात्र त्याबरोबरच दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते, ती अशी की अभंग केवळ देहूच्या वह्यांत राहिले नव्हते, ते टाळकऱ्यांच्या कंठात आणि गावोगावच्या बाडांत, म्हणजे हस्तलिखितांच्या बांधीव वह्यांत, पसरले होते.

चाकणचे संताजी जगनाडे, ज्यांची समाधी मावळातील सुदुंबरे येथे आहे, हे परंपरेने तुकोबांचे लेखनिक मानले जातात. त्यांच्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेर ‘अस्सल गाथा’ प्रसिद्ध केली. त्यापूर्वी मुंबई सरकारच्या साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघालेल्या गाथेसाठी पंडित संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील प्रती जुळवल्या होत्या. वराळ्याच्या शेजारचे तळेगाव, खेडमधील कडूस आणि भीमाकाठचे पंढरपूर ही स्थळे इतकी विखुरलेली होती की एखाद्या ठिकाणी आग वा वाळवी लागली किंवा पूर आला, तरी उरलेल्यांतून ग्रंथ पुन्हा उभा राहू शकत होता.

संकेतस्थळाची प्रत, म्हणजे बॅकअप, दूरच्या साठवणीत ठेवण्यामागेही हेच तत्त्व आहे. संकेतस्थळ, म्हणजे सर्व्हरवरील फायली आणि मजकूर धरून ठेवणारा डेटाबेस, ज्या यंत्रावर चालते त्याच यंत्रावर बॅकअप ठेवला, तर यंत्राबरोबर तोही बुडतो. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि निदान एक प्रत अन्यत्र, असा नियम तंत्रज्ञ सांगतात. एक फरक मात्र मोठा आहे. हाताने उतरवलेल्या प्रतींत शब्द बदलतात, त्यांना पाठभेद म्हणतात, आणि खरा पाठ ठरवण्यासाठी प्रती ताडून पाहाव्या लागतात. यंत्र बहुधा हुबेहूब नक्कल करते, त्यामुळे मूळ फाइल बिघडलेली असल्यास बिघाडही तितक्याच निष्ठेने दूरच्या साठवणीत पोचतो, आणि म्हणूनच जुन्या तारखांच्या प्रती राखाव्या लागतात.

तळेगाव-कडूसची बाडे कोणी संकटकाळाची तरतूद म्हणून लिहिली नव्हती. ती भजनात वाचली जात, म्हणून गळालेली ओळ कोणाच्या तरी लक्षात येई. कपाटात पडून राहिलेल्या बॅकअपला असा वाचक नसतो, आणि तो अधूनमधून उघडून, त्यातून संकेतस्थळ पुन्हा उभे करून पाहिल्याखेरीज प्रत शाबूत आहे की नाही हे कळत नाही.