कोलोनसाठी बंद झालेलं दार

1468 चा उन्हाळा. तुम्ही लंडनमध्ये आहात, थेम्सच्या उत्तर काठावर. पुलापासून थोडं वरच्या अंगाला जर्मन व्यापाऱ्यांची वखार आहे, स्टीलयार्ड. तिथे तुम्ही ल्युबेकच्या एका व्यापाऱ्याचे कारकून आहात. धक्क्यावर मेणाच्या ढेपा, रशियाची फर आणि डांबराची पिंपं उतरताहेत. परतीच्या जहाजात इंग्लिश लोकरी कापडाचे गठ्ठे चढताहेत. तुमचं काम एकच, गठ्ठे मोजायचे आणि जकात लिहायची.

कापडाच्या एका ताग्यावर तुमचा मालक 12 पेन्स जकात भरतो. त्याच ताग्यावर इंग्रज व्यापारी आपल्याच राजाला 14 पेन्स देतो. परक्याला घरच्यापेक्षा स्वस्त! ही सवलत कुण्या एका शहराला कधीच मिळाली नसती. बाल्टिक आणि उत्तर समुद्रालगतची, ऱ्हाइनकाठची अनेक शहरं एका नावाखाली राजासमोर उभी राहिली, म्हणून ती मिळाली. ते नाव हान्सा. बदल्यात काही जबाबदाऱ्याही आल्या. लंडनच्या तटातला बिशप्सगेट दरवाजा 1282 पासून हान्साने राखायचा, हा त्यातलाच एक करार.

धक्क्यावर बातमी येते. डेन्मार्कच्या राजाने साउंडच्या सामुद्रधुनीत इंग्रजांची जहाजं पकडली. यात हान्साचा हात आहे, असं लंडन म्हणतं. थोड्याच दिवसांत राजा चौथ्या एडवर्डची माणसं फाटकातून आत शिरतात. माल जप्त होतो, तुम्हाला मालकासह कोठडीत नेलं जातं.

तुमच्या शेजारच्या खोलीतल्या माणसांना मात्र कुणी हात लावत नाही. ते हान्सातल्याच कोलोनचे व्यापारी आहेत.

त्यांच्यावर रागावण्याआधी त्यांच्या जागी उभे राहून बघा. लंडनमध्ये कोलोनचं सभागृह बाराव्या शतकापासून आहे, ल्युबेकचा इथे दबदबा होण्याच्या कितीतरी आधीपासून. त्यांची वाइन ऱ्हाइनमधून येते, त्यांचं भांडवल इंग्लिश कापडात अडकलेलं आहे. साउंडमध्ये कोण कुणाची जहाजं पकडतं, याच्याशी त्यांचं देणंघेणं नाही. दुसऱ्याच्या भांडणात आपला धंदा का बुडवायचा? राजा सवलती त्यांच्याकडे ठेवायला तयार आहे, वखारही त्यांच्याच हाती राहणार आहे. कोलोन होकार देतं.

पुढच्या वर्षी या जप्तीवरचा वाद टोकाला जातो. हान्सा ही एकच संस्था असेल, तर एकाच्या गुन्ह्याची भरपाई सगळ्यांकडून घेता येते, असा इंग्रजांचा दावा. हान्साच्या बाजूने उत्तर जातं, की आम्ही संस्था नाही, मंडळ नाही, कंपनीही नाही. आमचा सामाईक खजिना नाही, सामाईक शिक्का नाही. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर चोख आहे. पण कोठडी पाहून आलेल्या कारकुनाला त्यातून वेगळाच प्रश्न पडतो. आपल्याला बांधणारं काहीच नसेल, तर आपल्यासाठी कोण उभं राहील?

उत्तर शोधायला 1471 मध्ये ल्युबेकला या.

वेशीवर होल्स्टेन दरवाजाचं बांधकाम चालू आहे. नदीकाठी लुनेबर्गचं मीठ उतरतंय. 1398 मध्ये खुल्या झालेल्या स्टेकनिट्स कालव्याने ते इथवर येतं. हेच मीठ स्कोनेच्या किनाऱ्यावरच्या हेरिंग माशांना लागतं आणि खारवलेले मासे उपासाच्या दिवसांत अर्ध्या युरोपच्या ताटात पोचतात. मीठ एका गावचं, मासे दुसरीकडचे, जहाज तिसऱ्याचं आणि गिऱ्हाईक चौथ्याचं. एका कडीवर घाव पडला की सगळी साखळी हलते, हे इथल्या हमालालाही ठाऊक आहे. संघाचा करार म्हणाल तर हाच आहे, रोजच्या धंद्यात विणलेला.

टाउन हॉलमध्ये चर्चा तापलेली असते. हान्साच्या सभांमध्ये प्रतिनिधी आपापल्या शहराची आज्ञा घेऊन येतात. ठराव झाला तरी तो घरी जाऊन मान्य व्हावा लागतो. न ऐकणाऱ्या शहरावर पाठवायला फौज नाही. हाती हत्यार एकच, बहिष्कार. यातून ब्रेमेनही सुटलं नव्हतं. पण कोलोन हे संघातल्या सगळ्यात मोठ्या आणि श्रीमंत शहरांपैकी एक. त्याला बाहेर काढणं म्हणजे आपलंच नुकसान.

तरीही निर्णय होतो. कोलोनला हान्सातून काढलं जातं. कारकुनाच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. कोठडीत पडलेल्यांसाठी बाहेरची शहरं तोटा सोसायला तयार झाली.

त्याआधीच समुद्रावर युद्ध पेटलेलं आहे. हान्साचे खाजगी लढाऊ जहाजवाले इंग्रजांचा माल लुटताहेत, इंग्रज हान्साचा. यात तिऱ्हाइतही भरडले जातात. 1473 मध्ये डान्झिगचा कप्तान पाउल बेनेके एक गलबत पकडतो. त्यात इटलीला निघालेलं हान्स मेमलिंगचं ‘अंतिम निवाडा’ हे चित्र सापडतं. ते आजही ग्डान्स्कमध्ये, म्हणजे त्याच डान्झिगमध्ये आहे. दुसरीकडे, गादी गमावलेला एडवर्ड 1471 च्या वसंतात इंग्लंडला परततो, तेव्हा त्याच्या ताफ्यात हान्साची जहाजंही असतात. ज्यांना त्याने कोंडलं, त्यांचीच मदत त्याला लागली.

1474, उट्रेख्ट. वाटाघाटींत हान्साकडून ल्युबेकचे महापौर हिन्रिख कास्टोर्प पुढे आहेत. करार वाचला जातो. जुन्या सवलती परत. 10,000 पौंडांची भरपाई, जकातीतून वळती करून. स्टीलयार्ड आता हान्साच्या मालकीचं, शिवाय बॉस्टन आणि लिन या इंग्लिश बंदरांतही जागा. या सवलतींतून कोलोनला मात्र वगळलेलं. एकट्याने वाचवलेला धंदा एकटेपणानेच गमावला. 1476 मध्ये कोलोन परत येतं आणि त्याला आत घेतलं जातं. शिक्षा कडक होती, पण परतीची वाट शिल्लक ठेवलेली होती. मला यातच हान्साचं खरं शहाणपण दिसतं.

बलवानांनी वेगळी वाट धरण्याचा असाच प्रकार पाहायला आता त्याच लंडनमध्ये या, 20 एप्रिल 2021 च्या संध्याकाळी. स्टॅमफर्ड ब्रिज मैदानाबाहेर चेल्सीच्या चाहत्यांनी रस्ता अडवलाय, आणि तुम्ही त्या गर्दीत आहात. दोनच दिवसांपूर्वी इंग्लंडचे सहा, स्पेनचे तीन आणि इटलीचे तीन अशा 12 बड्या फुटबॉल क्लबांनी वेगळी सुपर लीग जाहीर केली आहे. वीस संघ खेळणार, त्यातल्या पंधरांची जागा कायमची. हरले तरी बाहेर जायचं नाही. छोट्या क्लबांशी खेळून मोठे झालेले क्लब आता छोट्यांचा दरवाजा बंद करू बघताहेत. त्याच रात्रीपर्यंत इंग्लंडचे सहाही क्लब माघार घेतात आणि जुन्या स्पर्धेत त्यांची जागा टिकते.

राजकारणातली आघाडी असो, व्यापारी संघ असो की खेळाची लीग, सगळ्यात आधी मोह बलवानाला होतो, कारण एकट्याने निभावण्याची ताकद त्याच्याकडेच असते. म्हणून एखादी आघाडी किती टिकेल हे जोखायचं, तर जाहीरनामा आणि सह्या बाजूला ठेवा. त्यातला सगळ्यात दुबळा सदस्य अडचणीत येतो, तेव्हा सगळ्यात बलवान सदस्य स्वतःचा तोटा सोसतो का, एवढं पाहा. तो सोसत नसेल, तर इतरांनी त्याला दार दाखवण्याची हिंमत ठेवली पाहिजे, आणि तो परतला तर ते उघडण्याचं मनही.