बिल्ला ते ई-चलन : कोल्हापुरातील सायकल, मोटार आणि रस्त्याचा कायदा

प्रस्तावना

कोल्हापूरच्या रस्त्यांविषयीची अलीकडची सार्वजनिक चर्चा मुख्यतः रस्त्याचा खर्च कोणी सोसावा या प्रश्नाभोवती फिरली. एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पानंतर शहराच्या वेशीवर टोलनाके उभे राहिले. त्यांच्या विरोधात प्रा. एन. डी. पाटील व गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय लढा उभा राहिला आणि २०१६ पर्यंत शासनाला हा टोल रद्द करावा लागला. या लढ्याने शहराच्या राजकीय इतिहासात आपले स्थान मिळविले आहे. परंतु रस्त्यावर नियम कोणासाठी व दंड कोणाला, हा प्रश्न टोलच्या प्रश्नाहून जुना आहे. त्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे.

मोटारचालकांची तक्रार सर्वपरिचित आहे. सायकलस्वार उलट दिशेने येतो, तांबडा दिवा पाळत नाही, रात्री दिव्याविना फिरतो आणि तरीही त्याची पावती कोणी फाडत नाही. सायकलस्वाराची तक्रारही तितकीच खरी आहे. दाभोळकर कॉर्नर असो वा बिंदू चौक, मोटार आणि बस यांच्यामधल्या हातभर जागेतून त्याला वाट काढावी लागते आणि मागून वाजणारा हॉर्न त्याला सतत बाजूला हो म्हणून सांगत असतो. या दोन्ही तक्रारींचे मूळ स्वभावदोषात शोधण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात ते कायद्याच्या आणि कराच्या इतिहासात आहे. सायकलला एकेकाळी नंबर होता. तो कसा आला व कसा गेला, हे पाहिल्यावर आजचा तणाव बराचसा उलगडतो.

संस्थानकाळातील रस्ता

कोल्हापूरला रेल्वे १८९१ साली आली. १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसली आणि १९०६ साली शाहू मिलची स्थापना झाली. या तीन घटनांनी शहरातील रहदारीचे स्वरूप बदलले. पेठेकडे येणाऱ्या गुळाच्या बैलगाड्या, स्टेशनावरील टांगे, डोक्यावर पाटी घेतलेले हमाल व गिरणीकडे पायी जाणारे कामगार अशी ती रहदारी होती. या रस्त्यावर जो तो आपापल्या गतीने चाले आणि सर्वांची गती जवळपास सारखीच असे.

ब्रिटिश हिंदुस्थानात अशा रस्त्यासाठीचा मूलभूत कायदा १८६० च्या भारतीय दंड संहितेत होता. कलम २७९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वा निष्काळजीपणे वाहन हाकणाऱ्यास अथवा स्वारी करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. मोटार जन्मास येण्यापूर्वीचा हा कायदा आहे. घोडेस्वार, गाडीवान आणि पुढे सायकलस्वार असा कोणताही भेद त्यात नाही. संस्थानच्या हद्दीत ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू होत नसत. कोल्हापूरचा कारभार दरबारच्या हुकमाने चाले. तथापि संपूर्ण रस्ता हा एकच विषय मानण्याची दृष्टी दोन्हीकडे समान होती.

ही दृष्टी मोटारीने मोडली. १९१४ च्या मोटार वाहन कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात मोटारीसाठी स्वतंत्र नोंदणी, चालकासाठी परवाना आणि धोकादायक वेगाने हाकण्याबद्दल स्वतंत्र शिक्षा आणली. यातील तर्क ध्यानात घेण्याजोगा आहे. नंबर आणि परवाना हे त्या काळी मोटारीचे भूषण नव्हते. रस्त्यावर नव्याने आलेल्या धोकादायक पाहुण्याच्या गळ्यात बांधलेली ती ओळखीची पाटी होती. कोल्हापुरात तर मोटार प्रथम राजवैभवाचे चिन्ह म्हणूनच लोकांनी पाहिली. छत्रपती राजाराम महाराजांची १९३६ ची मेबॅक मोटार शाही दसऱ्याच्या सोहळ्यात दसरा चौकात येते, तेव्हा तिच्यासाठी रस्ता मोकळा करण्यात लोकांना आजही आनंदच वाटतो. मोटार येताच बाजूला होण्याच्या सवयीमागे भीतीइतकाच हा आदरही असावा.

बिल्ला, दिवा आणि डबलसीट

सायकलचा मार्ग वेगळा होता. ती शिक्षक, कारकून, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि पुढे गिरणीकामगार यांचे वाहन झाली. तिच्यावर नियंत्रण आले ते प्रामुख्याने कराच्या वाटेने. मुंबई इलाख्यात १९०१ च्या जिल्हा नगरपालिका अधिनियमापासून वाहने व ओझ्याची जनावरे यांवर कर बसविण्याचा अधिकार नगरपालिकांना होता. पुढे १९३५ च्या मुंबई मोटार वाहन कर अधिनियमाने मोटारीवरील कर प्रांतिक सरकारकडे गेला. नगरपालिकेच्या वाट्यास बैलगाडी, टांगा, हातगाडी आणि सायकल एवढेच उरले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि शहरही या व्यवस्थेत आले. राज्यघटनेने सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ५७ व्या नोंदीत यांत्रिक शक्तीवर चालणारी असोत वा नसोत, रस्त्यावरील सर्व वाहनांवरील कर हा विषय राज्यांकडे ठेवला. मात्र व्यवहारात विभागणी तीच राहिली. मोटारीचा पैसा राज्याच्या तिजोरीत आणि सायकलचा नगरपालिकेच्या.

या कराची पावती म्हणजे बिल्ला. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पितळेचा अथवा पत्र्याचा, नंबर व वर्ष कोरलेला हा तुकडा सायकलवर ठळक दिसेल असा बसवावा लागे. वर्ष पालटले की नवा बिल्ला घ्यायचा. तो नसेल तर नगरपालिकेचे कर्मचारी नाक्यावर सायकल अडवीत आणि कर भरेपर्यंत अडकवून ठेवीत. बिल्ल्याच्या जोडीला पोलिसांचे नियम होते. सूर्यास्तानंतर दिवा हवा, घंटी हवी, डबलसीट बसू नये. डायनॅमो परवडत नसे त्यांनी रॉकेलचा छोटा दिवा पुढे लटकवायचा आणि वाऱ्याने तो विझला की हवालदार दिसताच खाली उतरून सायकल हातात धरून चालायचे. हातात धरलेली सायकल चालवलेली नव्हे, हा कायद्याचा अर्थ त्या पिढीतील शाळकरी पोरालाही ठाऊक होता. दंडाची रक्कम लहान असे, परंतु कोर्टात हजर राहण्यासाठी बुडणारा एक दिवस ही रोजंदारीवरील माणसाची खरी शिक्षा होती.

यावरून ती व्यवस्था न्याय्य होती असे म्हणता येणार नाही. गरिबाच्या वाहनावर कर आणि त्याच्याच मागे हवालदार, असा तिचा एक चेहरा होता. परंतु तिची दुसरी बाजू नजरेआड करणे चुकीचे ठरेल. ज्या वाहनाला नंबर आहे, ज्याच्यासाठी दिव्याचा नियम आहे व ज्याच्याकडून नगरपालिका पैसे घेते, ते वाहन रस्त्याच्या हिशोबात आहे. कर देणारा सायकलस्वार खड्ड्याबद्दल जाब विचारू शकत होता.

एक रस्ता, दोन कायदे

मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत कमी वाचला जाणारा कायदा होय. त्यातील 'वाहन' या शब्दाच्या व्याख्येत सायकल स्पष्टपणे समाविष्ट आहे. कलम ३३ अन्वये जिल्हा दंडाधिकारी अथवा पोलीस आयुक्त सर्व प्रकारच्या रहदारीचे नियमन करू शकतात, वाहनांवर किती दिवे कोठे असावेत आणि ते कोणत्या वेळी लावावेत हे ठरवू शकतात. कलम ९९ रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहन हाकण्याचे बंधन घालते. दिव्याविना जाणाऱ्या सायकलस्वाराला अडविणाऱ्या हवालदाराच्या मागे अशा कायद्याचे बळ होते. पुढे या अधिनियमाच्या नावात 'मुंबई' च्या जागी 'महाराष्ट्र' आले, तरी हे अधिकार कायम आहेत.

मोटार मात्र १९३९ च्या व नंतर १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाखाली गेली. १९८८ च्या अधिनियमातील भाषा काळजीपूर्वक पाहिली असता एक गोष्ट स्पष्ट होते. वाहतुकीची चिन्हे पाळण्याचे कलम ११९ मधील बंधन मोटार वाहनाच्या चालकावर आहे. एखाद्या रस्त्यावर वाहनांना मज्जाव करणारे कलम ११५ देखील मोटार वाहनांपुरतेच आहे. म्हणजे महाद्वार रोडसारख्या गर्दीच्या रस्त्यावरील एकेरी वाहतुकीचा आदेश केवळ कलम ११५ खाली काढला असेल, तर उलट दिशेने जाणारा सायकलस्वार त्याचा भंग करीत नाही. आदेशात पोलीस अधिनियमाचाही आधार घेतला असेल, तर करतो. ही बाब केवळ कायदेपंडितांच्या कुतूहलाची वाटेल, परंतु चौकातील रोजच्या वादाचा उगम नेमका येथे आहे. दोघेही एकाच दिव्यासमोर उभे असतात, पण वाहतूक पोलिसाच्या हातातील पावतीपुस्तक एकाच्याच कायद्याचे असते.

या दोन कायद्यांमधील सीमारेषा किती पातळ होती, हे १९७२ साली बाजारात आलेल्या लुनाने दाखविले. पायडल असलेली, सायकलसारखीच दिसणारी ही गाडी घेताच माणूस नगरपालिकेच्या बिल्ल्यातून प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या नोंदणीत जाई. त्याच वर्षी १५ डिसेंबर रोजी कोल्हापूरची नगरपालिका महानगरपालिका झाली, हा योगायोग. शिवाजी उद्यमनगरातील आणि पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांत जाणारा कामगार वीस-पंचवीस वर्षांत सायकलवरून दुचाकीवर आला. 'एमएच ०९' ही अक्षरे त्याच्या प्रगतीची खूण ठरली.

बिल्ला गेल्यानंतर

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेका शहराने सायकलवरील कर सोडून दिला. वसुलीचा खर्च आणि मिळणारी रक्कम यांचा मेळ बसत नव्हता आणि गरिबाच्या वाहनावर कर ठेवणे लोकशाहीत शोभतही नव्हते. निर्णय योग्यच होता. मात्र बिल्ल्याबरोबर नगरपालिकेच्या दप्तरातील सायकलींची मोजणीही संपली, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. शहरात मोटारी किती, हे परिवहन कार्यालय दरवर्षी सांगते. सायकली किती, हे सांगणारे कार्यालय उरले नाही. साहजिकच रस्ता रुंद करताना, दुभाजक बसविताना किंवा उड्डाणपूल आखताना ज्या वाहनाचा आकडा नाही त्याचा विचारही होत नाही.

सायकली मात्र नाहीशा झाल्या नव्हत्या. २००१ च्या जनगणनेत देशातील ४३.७ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, २०११ मध्ये ४४.८ टक्के कुटुंबांकडे. याच दशकात यांत्रिक दुचाकी असलेल्या कुटुंबांचे प्रमाण ११.७ वरून २१ टक्क्यांवर गेले. म्हणजे सायकल तेवढीच राहिली आणि तिच्या भोवतीचा वेग वाढला. रस्ते अपघातांत देशात २०२२ साली १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सायकलस्वार सुमारे ४,८०० होते. सायकलस्वाराने दिलेल्या धडकेत मरणारा मोटारचालक मात्र क्वचितच आढळेल. तक्रारी दोन्ही बाजूंनी असल्या तरी जोखीम दोन्ही बाजूंनी सारखी नाही.

दंडाच्या बाजूने पाहता अंतर आणखी वाढले. १९८८ च्या अधिनियमातील कलम १७७ खालचा सर्वसाधारण दंड पहिल्या गुन्ह्यास १०० रुपये होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो ५०० रुपये केला. महाराष्ट्रात वाढीव दंडाची अंमलबजावणी डिसेंबर २०२१ पासून झाली. दरम्यान हवालदाराच्या पावतीपुस्तकाची जागा ई-चलनाने घेतली. कॅमेरा नंबरपाटी वाचतो. ज्याला पाटी नाही तो कॅमेऱ्याला दिसत नाही. तावडे हॉटेलपासून रंकाळ्यापर्यंत मोबाईलवर चलन येण्याच्या धास्तीत गाडी हाकणाऱ्या दुचाकीस्वाराला शेजारून निवांत जाणारा सायकलस्वार खुपतो, त्यामागे हे कारण आहे. पन्नास वर्षांपूर्वी स्थिती याच्या उलट होती. तेव्हा हवालदार बिल्ला शोधत सायकल अडवी आणि मोटारीला सलाम करी.

धोरणाच्या पातळीवर सायकल पुन्हा आली आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांची ये-जा हा निकष मांडला. पुण्याने २०१७ साली सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच वर्षीच्या मोटार वाहन चालन विनियमांनी पादचारी, सायकलस्वार, मुले व वृद्ध यांची विशेष काळजी घेण्याचे बंधन चालकावर घातले. कोल्हापुरात पहाटे पन्हाळ्याच्या वाटेला लागणारे शिरस्त्राणधारी सायकलस्वार आता दिसतात आणि त्यांच्यासाठी मोटारचालक थोडा थांबतोही. दुधाच्या किटल्या लटकावून गंगावेशीकडे येणाऱ्या सायकलस्वारासाठी तोच चालक थांबेल, याची खात्री देता येत नाही. भरीस भर म्हणून २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या बॅटरीच्या दुचाक्याही नियमानुसार मोटार वाहन ठरत नाहीत. त्यांनाही नंबर नाही. बिल्ल्याचा जुना प्रश्न त्यांच्या रूपाने परत येऊ पाहत आहे.

या साऱ्या उलथापालथीत एक तरतूद सर्वांना समान राहिली. १ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि जुने कलम २७९ तेथे कलम २८१ झाले. वाहन हाकणारा मोटारीत बसला आहे की सायकलवर, हे ते आजही विचारत नाही. त्यातील दंडाची कमाल रक्कमही १८६० साली होती तेवढीच, एक हजार रुपये आहे.