दोन ओटे: शिरूर-दौंडच्या घरांतली बैठक आणि स्वयंपाकघर

आजचा विषय घरगुती आहे, पण हलका नाही. खुर्ची, कपाट, गोधडी, ओटा, फ्रिज अशा घरातल्या वस्तूंचा इतिहास आपण पाहणार आहोत, आणि त्यासाठी पुणे जिल्ह्यातले शिरूर आणि दौंड हे दोन तालुके निवडले आहेत.

हेच तालुके का? पुण्याहून नगर रस्त्याने शिक्रापूर, रांजणगाव करत शिरूरला जा, नाहीतर सोलापूर रस्त्याने यवत, चौफुला, पाटस करत दौंडकडे वळा. रस्त्याच्या कडेला फर्निचरची, फरशीची, नळ-बेसिनची दुकानं लागतात. मॉड्युलर किचन, एल आकाराचा सोफा, फॉल्स सीलिंग हे शब्द आता गावातल्या बांधकामावरही ऐकू येतात. यावर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया असतात. कुणी म्हणतं, गाव सुधारलं. कुणी म्हणतं, जुनं ते सोनं गेलं. आम्हाला या दोन्हींपेक्षा तिसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: नवी वस्तू घरात आली की ती कुठल्या खोलीत जाते, आणि कोणासाठी?

मराठीत ‘ओटा’ हा एकच शब्द घरातल्या दोन जागांना लावतात. एक ओटा घराच्या पुढे, दारालगतचा चौथरा. दुसरा ओटा घराच्या मागे, स्वयंपाकघरातला, ज्यावर शेगडी असते. पहिला जुना, दुसरा अगदी अलीकडचा. या दोन ओट्यांमधलं अंतर चाळीस-पन्नास पावलांचं. पण ते चालायला नव्या वस्तूंना फार वेळ लागला, हे आजच्या व्याख्यानाचं सार.

आधी पहिला ओटा. जुन्या घराची मांडणी आपल्याला माहीत आहे: अंगण, ओटा, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर. या घरात फर्निचर नव्हतं असं म्हणतात, ते खरं नाही. ते भिंतीत होतं. देवळी, कोनाडा, फडताळ, खुंटी हे सगळं घर बांधतानाच भिंतीत बसवलेलं. धान्याला कणगी, मडक्यांची उतरंड, कपड्यांना वलणी. बसायला पाट, निजायला बाज, पाहुण्याला घोंगडी किंवा सतरंजी, ऐपत असेल तर लोड-तक्के. बाकी सगळे जमिनीवर.

पण जमीन सगळ्यांना सारखी नव्हती. ओट्यावर कोण चढणार, पायरीशी कोण थांबणार आणि अंगणातच कोण उभं राहणार, हे जात ठरवत होती. ओट्यावरच्या बैठकीत घरातल्या बायकांना जागा नव्हती. म्हणजे बसण्याची उंची हा मानाचा हिशेब होता. सत्तेला आपण आधी ‘गादी’ म्हणत होतो, नंतर ‘खुर्ची’ म्हणू लागलो. दोन्ही शब्द बसण्याच्या वस्तूंचेच आहेत.

या वस्तू करत कोण होतं? गावचा सुतार. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ मध्ये आलं. बलुतेदारी समजून घ्यायला आजही आपण त्याच्याकडे जातो. सुतार नांगर, कुळव, पाभर यांची दुरुस्ती करायचा आणि खळ्यावर धान्य घ्यायचा. हे बलुतं शेतीच्या कामाचं होतं. घराचं लाकूडकाम, नवी वस्तू, याचा मोबदला वेगळा. खुर्ची-टेबल या व्यवहारात कुठेच बसत नव्हतं. ते आलं ते रोख पैशाने, बाहेरून.

बाहेरून म्हणजे कुठून? शिरूरच्या बाबतीत उत्तर लष्कर असं आहे. शिरूर, म्हणजे जुनं घोडनदी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्रजांची छावणी होती. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलेली कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरहूनच निघाली होती. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्याबरोबर त्याचं सामानही यायचं: घडीची खाट, घडीचं टेबल, सुटी करता येणारी खुर्ची. फौज हलली की सामान हलायचं. आपल्याकडे कोनाडा भिंतीत पक्का, यांच्याकडे सगळं उचलून नेता येईल असं. घर आणि वस्तू वेगळ्या असू शकतात, ही कल्पनाच नवी होती. ती छावणीतून आणि कचेरीतून पुढे सरकली.

दौंडला हे काम रेल्वेने केलं. १८५० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याहून सोलापूरच्या दिशेने रेल्वे गेली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. जंक्शन म्हणजे रेल्वेचे बंगले, क्वार्टर्स, प्रतीक्षागृह, लांब हातांची आरामखुर्ची, बाकडं, भिंतीवरचं घड्याळ. आणि जंक्शन म्हणजे महिन्याचा पगार. ‘पगार’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, ‘चावी’ही तिकडूनच. पगार हातात आला की माणूस खुर्ची विकत घेऊ शकतो, मग सुतार बलुतेदार असो वा नसो.

पण ही खुर्ची घरात कुठे बसली? ओसरीवर, बैठकीत. मामलेदार, मास्तर, व्याही यांच्यासाठी. घरचा मालकही तिच्यावर रोज बसत नसे, मग मालकीण तर दूरच.

याला एक मोठा अपवाद सांगायला हवा, नाहीतर आमचं म्हणणं एकांगी होईल. तो अपवाद म्हणजे लोखंडी कपाट. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलुपांपासून सुरुवात केली, आणि १९२३ मध्ये कंपनी पोलादी कपाटं बनवू लागली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतपेट्याही याच कंपनीने केल्या. पुढे हे कपाट लग्नाच्या आंदणात येऊ लागलं. ते बैठकीत न जाता आतल्या खोलीत गेलं, आणि त्याची चावी अनेक घरांत बाईच्या कमरेला आली. साड्या, दागिने, कागदपत्रं, साठवलेले चार पैसे. आतल्या खोलीत बाईच्या ताब्यात आलेली ही पहिली मोठी कारखान्यातली वस्तू, असं आम्हाला वाटतं.

मग पाणी आलं. खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा दौंड तालुक्यातून जातो. शिरूरच्या बाजूला घोड आणि चासकमानचं पाणी. पाण्यामागून ऊस आणि उसामागून कारखाने: पाटसचा भीमा, न्हावऱ्याचा घोडगंगा. उसाच्या बिलातून स्लॅबची घरं उभी राहिली. माती-दगडाच्या जाड भिंती गेल्या, पातळ विटांच्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर कोनाडा, देवळी, फडताळ गेलं. आता सामान ठेवायचं कुठे? म्हणून शोकेस, म्हणून टीव्हीचं युनिट, म्हणून वॉर्डरोब. फर्निचरची गरज फक्त हौसेतून आलेली नाही. भिंत पातळ झाली, म्हणून कपाट लागलं.

सोफासेट आला, टीपॉय आला, त्यावर विणलेले रुमाल आले. हे सगळं पुन्हा पुढच्या खोलीत. अनेक घरांत बेसिनसुद्धा आधी जेवायच्या जागेच्या कोपऱ्यात आलं, पाहुण्याला हात धुवायला. मागे मात्र चूल जमिनीवरच होती. बाई उकिडवी बसून धुरात भाकरी थापत होती.

इथे थोडा वेळ आपण जर्मनीत जाऊ. १९२६ मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम दोन मीटर रुंद आणि साडेतीन मीटर लांब. आजच्या मॉड्युलर किचनची पणजीच म्हणा. तिची कल्पना कुठून घेतली होती? रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या मुदपाकखान्यावरून. बाईची किती पावलं वाचतात, किती मिनिटं वाचतात, हे मोजून त्यांनी आखणी केली. काही कामं बसून करता यावीत म्हणून फिरतं स्टूलही ठेवलं. त्यांच्या आखणीचा आरंभ काम करणाऱ्या शरीरापासून होता.

आपल्याकडे उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा आला तो स्टोव्ह आणि गॅसबरोबर, आधी शहरात, मग तालुक्याच्या गावी, मग वस्त्यांवर. या ओट्यावरचा काळा कडप्पा आंध्रातल्या कडप्पा गावाच्या नावाचा, खालची शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादच्या नावाची. नकाशा पाहिलात तर ही दोन्ही गावं दौंडवरून जाणाऱ्या मुंबई-मद्रास लोहमार्गावरच आहेत. ज्या रुळांनी पाहुण्याची खुर्ची आणली, त्याच रुळांच्या दुसऱ्या टोकाला या ओट्याचा दगड होता. पुढे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गॅसची जोडणी आणखी घरांपर्यंत पोचली. सिलिंडर परत भरून आणायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते, हेही आपण जाणतो.

कापडाचा इतिहास मात्र उलट्या दिशेने चालला आहे. धनगरांनी दख्खनी मेंढीच्या लोकरीपासून केलेली घोंगडी आणि बायकांनी जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, म्हणजे वाकळ, या घरच्या वस्तू. चादर दौंडच्या पुढच्याच सोलापूरची. आज शहरातल्या इंटिरियरमध्ये गोधडी भिंतीवर लागते आणि घोंगडी सोफ्यावर पडते. याला नावं ठेवायचं कारण नाही. एवढंच विचारावं, की किमतीतला किती वाटा टाका घालणाऱ्या बाईला आणि माग चालवणाऱ्याला मिळतो.

आता आजचं चित्र. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत व्हर्लपूल, एलजी, हायर यांचे कारखाने आहेत. ज्या गावाच्या नावातच रांजण आहे, तिथे फ्रिज तयार होतात! म्हणजे हा भाग आता नव्या घराचं सामान फक्त विकत घेत नाही, बनवतोही.

पण बनवणं आणि आखणं यांत फरक आहे. म्हणून शेवटचा मुक्काम पाबळ. शिरूर तालुक्यातलं हे गाव मस्तानीच्या समाधीमुळे आपल्याला ठाऊक आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये इथे विज्ञान आश्रम सुरू केला. मुलांनी हातांनी काम करत शिकावं, आणि त्या कामाचा गावाला उपयोग व्हावा, ही पद्धत. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, शेती, अन्नप्रक्रिया. इथला घुमटाकार ‘पाबळ डोम’ १९९३ च्या लातूर भूकंपानंतर घरबांधणीत वापरला गेला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या सहकार्याने इथे फॅब लॅब झाली. संगणकावर आखायचं आणि यंत्राने कापून घ्यायचं, अशी कार्यशाळा. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक, आणि ती मेट्रो शहरात नसून पाबळला आहे.

याचा अर्थ काय? या तालुक्यांना डिझाइन दुकानाच्या कॅटलॉगमधूनच घ्यावं लागेल असं नाही. आखण्याचं कौशल्य इथे शिकता येतं. प्रश्न कोणासाठी आखायचं एवढाच आहे.

म्हणून एक साधी कसोटी सुचवतो. कामाचा ओटा उभ्या माणसाच्या कोपरापासून साधारण १० सेंटिमीटर खाली असावा, असा ढोबळ नियम आहे. पाच फुटांच्या बाईला आणि साडेपाच फुटांच्या बाईला एकच ओटा नीट बसणार नाही. उंच ओट्यावर कणीक मळताना खांदे उचलावे लागतात, आणि ते रोजचं असतं. घर बांधताना दाराला कुठली फ्रेम, छताला किती दिवे, यावर चार बैठका होतात. रोज भाकरी करणाऱ्या व्यक्तीचं कोपर किती उंचीवर आहे, हे मिस्त्री किती घरांत टेप लावून मोजतो? मापाला पैसे पडत नाहीत. विचारावं मात्र लागतं, आणि तेही पुढच्या ओट्यावर न बसता, मागच्या ओट्यापाशी जाऊन.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे बांधकाम चालू आहे, त्यांनी या आठवड्यात हे माप घ्यावं, आणि घरात स्वयंपाक कोण करतं तेही त्याच्याशेजारी लिहून ठेवावं.