हळदीच्या आधीचा वस्तरा

आजच्या एपिसोडमध्ये एक जर्मन डॉक्टर आहे, गोव्याची पावडर आहे आणि उल्हासनगरचं एक सलून आहे. सलूनपासूनच सुरू करतो, कारण तिथे माझी पार लाज गेली होती.

मी बदलापूरचा. लग्नाला तीन आठवडे उरलेले. हळदीत मान, हात, पाय सगळंच उघडं, म्हणून ऑफिसमधून येताना उल्हासनगरला उतरलो. कारागिराने मानेवरचे पांढरे पापुद्रे पाहिले आणि वस्तरा खाली ठेवला. "भाऊ, गजकर्ण आहे. बाकी गिऱ्हाइकांना लागेल." सोरायसिस आहे, तो कुणाला लागत नाही, असं सांगून पाहिलं. खुर्ची सोडावीच लागली. घरी येऊन रागारागात मान आणि पोटऱ्या कोरड्याच घासल्या, उलट्या दिशेने, दोन-दोनदा. बारा दिवसांनी जिथून ब्लेड फिरलं होतं तिथे लाल रेषा. पट्टीने आखल्यासारख्या.

अंबरनाथच्या डॉक्टर मॅडम त्या रेषा बघून एकच शब्द बोलल्या: कोबनर. त्या रात्री झोप कुठली, शोधतच बसलो.

हाइनरिख कोबनर हा ब्रेस्लाऊचा, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफचा त्वचारोगतज्ज्ञ. १८७२ मध्ये त्याने मांडलं की सोरायसिसच्या रुग्णाला चांगल्या कातडीवर इजा झाली तर नेमका तिथेच नवा चट्टा उठू शकतो. घोडेस्वारीत खरचटलं तिथे, घोडा चावला तिथे, गोंदवलं तिथेसुद्धा. चट्टा बहुतेक वेळा दहा ते वीस दिवसांनी दिसतो, त्यामुळे आपला संशय ब्लेडवर जातच नाही. नेहमी त्वचेच्या पेशीला वर यायला साधारण महिना लागतो, सोरायसिसमध्ये काही दिवस. जखम म्हणजे या यंत्रणेला मिळालेला ट्रिगर. दुरुस्तीचं काम सुरू होतं, पण थांबायची कमांडच मिळत नाही.

आता त्या कारागिराची चूक. तीच चूक एकदा औषध देऊन गेली! एकोणिसाव्या शतकात नायट्यावर 'गोवा पावडर' लावत. नाव गोव्याचं, पण ती यायची ब्राझीलच्या अरारोबा झाडातून, पोर्तुगीजांच्या व्यापारातून. एका रुग्णाचा सोरायसिस नायटा समजून तिच्यावर सोपवला गेला आणि चट्टे ओसरले. लंडनच्या बालमॅनो स्क्वायरने हे १८७६ मध्ये जगासमोर आणलं. १९१६ मध्ये जर्मनीत तिचं कृत्रिम भावंड आलं, डिथ्रॅनॉल. ते आजही वापरात आहे. चट्ट्याबाहेरची चांगली कातडी मात्र ते जाळतं, म्हणजे ताज्या दाढीवर तर नकोच.

केस काढायची खटपट त्याहून कितीतरी जुनी. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, केसांमुळे जखम भरत नसेल तर वस्तरा, कात्री किंवा चिमट्याने केस काढा असं आहे. लेपही दिलाय: शंखाचं चूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग. (हरताळ म्हणजे आर्सेनिकचं खनिज, घरी करून बघू नका. जुन्या पोथ्यांतली चूक याच पिवळ्या रंगाने झाकायचे, म्हणून 'हरताळ फासणे'.) आजच्या क्रीममध्ये आर्सेनिक नाही, पण तीव्र अल्कली असते. ती केसातलं केराटिन विरघळवते, आणि आपली वरची कातडीही केराटिनचीच. जिलेटला पेटंट मिळालं १९०४ मध्ये. त्यातला 'सेफ्टी' गळा कापू नये इतपतच.

मॅडमनी सांगितलेलं असं. गार्ड लावलेला ट्रिमर सगळ्यात बरा, केस थोडे राहिले तर राहू दे. ब्लेडच हवं तर अंघोळीनंतर, जेल लावून, केसांच्या दिशेने, आणि उठलेला चट्टा सोडून. लगेच मॉइश्चरायझर. क्रीम आधी छोट्या जागी लावून एक दिवस थांबायचं, फाटलेल्या कातडीवर कधीच नाही. वॅक्स तर कातडीच ओढतं. अ‍ॅसिट्रेटिनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्सचं नावच नको, कातडी सोलून निघते. लेझर डॉक्टरांना विचारूनच.

हळदीच्या दिवशी रेषा होत्याच, फिकट झालेल्या. मावशीने विचारलं, "मांजराने ओरबाडलं काय रे?"

"नाही गं, कोबनर."

तिला वाटलं नवीन मलम आलंय. तिने नाव लिहून घेतलं.