मोजलेला तुषार : हातात धरावयाच्या औषधी फवारणी-उपकरणांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

द्रव औषधाचे सूक्ष्म थेंब करून ते श्वासावाटे फुप्फुसापर्यंत पोहोचविण्याची कल्पना जुनी आहे. परंतु प्रत्येक वेळी तेवढेच औषध, तेवढ्याच आकाराच्या थेंबांत मिळाले पाहिजे, ही अपेक्षा मात्र विसाव्या शतकातील आहे. गोळीचे वजन करता येते, सिरिंजवर रेषा आखता येतात. तुषार मात्र क्षणात विरतो. त्याला मापात कसे बसविले गेले आणि त्या मापाच्या मर्यादा कोणत्या ठरल्या, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

रबरी फुग्याचा काळ

इंग्लंडमधील जॉन मज या वैद्याने १७७८ मध्ये खोकल्यावरील आपल्या पुस्तकात झाकणाच्या धातूच्या पेल्यातून वाफ ओढण्याच्या साधनाचे वर्णन केले. फ्रान्समध्ये साल-जिराँ यांनी १८५८ मध्ये हातपंपाने द्रवाचा तुषार करणारे उपकरण पुढे आणले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील टोलेडो येथे डॉ. ॲलन डीव्हिल्बिस यांनी रबरी फुग्याचे फवारणीयंत्र प्रचारात आणले. फुगा दाबला की हवेचा झोत अरुंद नळीच्या तोंडावरून वेगाने जातो. तेथील दाब घटतो, द्रव वर ओढला जातो आणि झोतात त्याचे थेंब होतात.

दोष फुगा दाबणाऱ्या हातात होता. दम लागलेल्या रुग्णाची पकड सैल, तर परिचारिकेची घट्ट. दाब बदलला की थेंबाचा आकार आणि औषधाचे प्रमाणही बदले. सामान्यतः पाच मायक्रोमीटरपेक्षा मोठे थेंब बहुतांशी तोंडात व घशातच अडकतात, तर फार सूक्ष्म कण उच्छ्वासाबरोबर बाहेर पडू शकतात. म्हणजेच आकारातील फरक हा प्रत्यक्षात उपचारातील फरक होता.

मात्रा मोजणारी झडप

या प्रश्नाचे उत्तर औषधशास्त्राबाहेरून आले. दुसऱ्या महायुद्धात डासांपासून सैनिकांचे रक्षण करण्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्यातील गुडह्यू व सलिव्हन यांनी द्रवरूप वायू भरलेला कीटकनाशकाचा फवारा विकसित केला. पुढे रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने असाच फवारा आपल्या औषधासाठी का नसावा, अशी विचारणा केली. कंपनीतील आयर्विंग पोरश यांनी फिलिप मेशबर्ग यांच्या मापी झडपेचा उपयोग करून उपकरण सिद्ध केले. ही झडप मुळात अत्तरासाठी योजलेली होती. १९५६ मध्ये ‘मेडिहेलर’ बाजारात आले.

या रचनेने रुग्णाच्या हाताचे बळ हिशेबातून वगळले. झडपेतील लहान कप्प्यात सुमारे ५० मायक्रोलिटर द्रव मावे. डबी दाबली की कप्प्याची आतली वाट बंद होऊन बाहेरची उघडे आणि क्लोरोफ्लुरोकार्बन उकळून औषधाचे सूक्ष्म थेंब होत. डबीत द्रव शिल्लक असेपर्यंत आतील दाब मुख्यतः तापमानावर अवलंबून राहतो; म्हणून पहिली फवारणी आणि शंभरावी यांत फारसा फरक पडत नाही. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी शेवटपर्यंत जवळपास सारखी ज्योत देते, त्यामागेही हेच तत्त्व आहे. मात्र टाकीप्रमाणेच ही डबीही आपण रिकामी होत आल्याचे सांगत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नव्या इनहेलरवर मात्रा-गणक असावा, असे मार्गदर्शन २००३ मध्ये केले. तोवर या उपकरणास जवळजवळ अर्धे शतक लोटले होते.

सारखेपणाची मर्यादा

झडप घनफळ मोजते, औषधाची तीव्रता नव्हे. १९६० च्या दशकात इंग्लंड व वेल्समध्ये दम्याने होणाऱ्या मृत्यूंत तीव्र वाढ झाली. पॉल स्टोली यांनी १९७२ मध्ये या वाढीचा संबंध आयसोप्रिनालिनच्या अधिक तीव्र फवाऱ्याशी जोडला. तो जेथे विकला जात नव्हता, त्या अमेरिकेत अशी लाट आली नव्हती. या कारणमीमांसेवर पुढे वाद झाले. तथापि उपकरणाचा अचूकपणा म्हणजे उपचाराची सुरक्षितता नव्हे, हा धडा कायम राहिला.

दुसरी मर्यादा श्वासाची. डबी दाबणे आणि श्वास घेणे एकाच क्षणी न जमल्यास औषध घशातच राहते. त्यासाठी मध्ये पोकळ नळकांडे, म्हणजे स्पेसर, जोडण्यात आला. तसेच रुग्णाच्या श्वासानेच पूड उडविणारी स्पिनहेलर व रोटाहेलर ही साधने आली. त्यांत दोष उलटा होता : क्षीण श्वासाला मात्राही क्षीण. भारतात मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९७६ मध्ये दम्यावरील औषधी फवारे आणले.

ओझोन आणि पुनर्रचना

१९८७ च्या माँट्रियल करारानंतर क्लोरोफ्लुरोकार्बन टप्प्याटप्प्याने वगळणे भाग पडले. इनहेलरना काही काळ सवलत मिळाली. पर्यायी हायड्रोफ्लुरोअल्केनमध्ये पूर्वीचे सहायक घटक नीट विरघळत नसत, त्यामुळे मिश्रण, झडपेचे रबर आणि नळीचे छिद्र यांचा पुन्हा विचार करावा लागला. बेक्लोमेथासोनच्या एका नव्या फवाऱ्याचे कण इतके सूक्ष्म निघाले की जुन्याच्या सुमारे निम्मी मात्रा पुरेशी ठरली. आकड्यांत समान दिसणाऱ्या दोन मात्रा शरीरात असमान ठरतात, याचे हे बोलके उदाहरण होय. नवा वायू ओझोनला निरुपद्रवी असला, तरी पृथ्वीच्या तापमानवाढीस कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून अधिक हातभार लावतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्यालाही मर्यादा घातली.

समारोप

रबरी फुग्यापासून मापी झडपेपर्यंतचा प्रवास हा मानवी हातातील अनिश्चितता यंत्राकडे सोपविण्याचा प्रवास आहे. ती अनिश्चितता नाहीशी झाली नाही. ती औषधाच्या तीव्रतेत, रुग्णाच्या श्वासात आणि अखेर वातावरणात सरकली. म्हणून अशा उपकरणाचे मूल्यमापन झडपेतून किती बाहेर पडले एवढ्यावर न थांबता, फुप्फुसात किती पोहोचले आणि हवेत काय उरले, येथपर्यंत जावयास हवे.