डेझर्ट आयलंड डिस्क्स

बीबीसी रेडिओवरील दीर्घायुषी मुलाखत-कार्यक्रम. कल्पना रॉय प्लमली यांची. पहिला भाग २९ जानेवारी १९४२ रोजी, ऐन महायुद्धात प्रसारित झाला.

निर्जन बेटावर एकटे अडकलात, तर कोणत्या आठ ध्वनिमुद्रिका सोबत हव्यात? प्रश्न एवढाच, पण आवडत्या सुरांचे बोट धरून लेखक, गायक, नट आपले बालपण, उमेदवारीचे दिवस आणि कलेची घडण यांविषयी मोकळेपणी बोलू लागतात. थेट प्रश्नांना हे क्वचितच साधते. पुढे एक पुस्तक व एक चैनीची वस्तू निवडण्याचीही मुभा मिळाली. गायिका एलिझाबेथ श्वार्त्सकॉफ यांनी १९५८ मध्ये आठांपैकी सात ध्वनिमुद्रिका स्वतःच्याच निवडल्या!

प्लमली यांनी १९८५ मध्ये निधन होईपर्यंत सूत्रसंचालन केले. त्यांच्यानंतर मायकेल पार्किन्सन, स्यू लॉली, कर्स्टी यंग आले. २०१८ मध्ये ही जबाबदारी लॉरेन लव्हर्न यांच्याकडे आली.