मुद्दल १०६, दर किती?

इंग्लंडात दुसऱ्या श्रेणीतल्या रेडिंगने २००५-०६ साली १०६ गुण मिळवले. पहिल्या श्रेणीतल्या मँचेस्टर सिटीने २०१७-१८ मध्ये १००. म्हणून रेडिंग थोर, असं आमचे टेंभी नाक्यावरचे एक फुटबॉलपंडित सांगतात. अहो, मुद्दल पाहून व्याजाचा दर ठरतो का? रेडिंगचे सामने ४६, म्हणजे १३८ पैकी १०६, टक्के ७६.८. मँचेस्टरचे सामने ३८, टक्के ८७.७! त्यातून १९८१ पर्यंत तिकडे विजयाला दोनच गुण. लिव्हरपूलचे १९७८-७९ चे ६८ गुण आजच्या दराने ९८ भरतात.

आयएसएलमधले आपल्या मुंबई सिटीचे २०२२-२३ चे ४६ गुण ऐकून पंडितांनी नाक मुरडलं. सामने वीसच हो! टक्के ७६.७. रेडिंगच्या खांद्याला खांदा!

‘मग चषक?’ पंडित म्हणाले.

साखळीची शील्ड मुंबईला. चषक बाद फेरीतून एटीके मोहन बागानने नेला. तिथे आमचं व्याज कोण विचारतो!